मैत्रिणींची वार्षिक सहल : बायकांनी उभारलेल्या वास्तूंच्या वाटेने

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

पुण्यातील एकाच शाळेत शिकलेल्या आणि आता साठीच्या आसपास पोहोचलेल्या आम्हा मैत्रिणींचा गट दरवर्षी हिवाळ्यात तीन-चार दिवसांच्या सहलीला जातो. कुणी कोथरूडला राहते, कुणी सहकारनगरला, कुणी चिंचवडला. एरवीच्या भेटी लग्नकार्यात नाहीतर कुणाच्या आजारपणातच होतात, त्यामुळे सहलीच्या या दिवसांची आम्ही वर्षभर वाट पाहतो. अशा सहलींविषयी येथे अनेकदा विचारणा होते, परंतु ती बहुधा गाडीभाडे, मुक्काम आणि जेवण यांपुरतीच असते. जायचे कुठे आणि तेथे पाहायचे काय, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवातीची काही वर्षे आम्ही महाबळेश्वर, गणपतीपुळे, गोवा अशा सर्वांच्या परिचयाच्या ठिकाणी गेलो आणि आनंदानेच परतलो. पुढे एका वर्षी साताऱ्याकडे जाताना लिंब गावातील बारा मोटांची विहीर पाहिली आणि त्यानंतर आमच्या सहलींना एक सूत्र मिळाले. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात, छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधवली, आणि तसा शिलालेखही तेथे आहे. वरून पाहिल्यास शिवलिंगाच्या आकाराची दिसणारी, सुमारे ११० फूट खोल अशी ही वास्तू आहे. पायऱ्या उतरून आत गेल्यावर मुख्य अष्टकोनी विहीर आणि प्रवेशाकडील भाग यांच्या मध्ये चक्क एक छोटा महाल लागतो, आणि भर दुपारीसुद्धा त्या दगडी खोलीत गारवा असतो.

आमच्यातील एक मैत्रीण शेतकरी घरातील आहे. काठावरील मोटेच्या जागा पाहून तिने आम्हा शहरात वाढलेल्या बायकांना सगळे समजावून दिले: बैल उताराच्या धावेवरून खाली जाऊ लागले की नाडा ताणला जाऊन पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येते, ते पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, ओतले जाते आणि तेथून पाटाला लागते; बैल मागे सरकले की मोट पुन्हा विहिरीत उतरते. एका विहिरीवर अशा बारा मोटा एकाच वेळी चालत असतील, तर किती बैलजोड्या, किती माणसे आणि किती आवाज तेथे असेल, याची कल्पना आम्ही बराच वेळ करत राहिलो. पाण्याची ही एवढी मोठी व्यवस्था एका स्त्रीने करवून घेतली आणि तिचे नाव आपल्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हते, ही गोष्ट आमच्या सर्वांच्याच मनाला लागली. शाळेत आम्ही इतिहास मन लावून शिकलो होतो, तरीही हे नाव आमच्यापर्यंत कधी आले नव्हते. त्या रात्री साताऱ्याच्या मुक्कामी असे ठरले की, यापुढे दरवर्षी एखाद्या स्त्रीने उभारलेली किंवा तिच्या नावाशी निगडित असलेली एक वास्तू निवडायची आणि तीच नीट पाहायची.

तेव्हापासून आम्ही जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागणिकेचा शिलालेख पाहिला, नर्मदाकाठी महेश्वरला अहिल्याबाईंचा वाडा आणि घाट पाहिले आणि कर्नाटकात पट्टदकल येथे लोकमहादेवीने बांधवलेले विरूपाक्ष मंदिर पाहिले. महेश्वरविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून तेथील एकच गोष्ट सांगते. राजवाड्यात आजही सकाळी ब्राह्मण मातीची चिमुकली शिवलिंगे करून ती लाकडी पाटांवर ओळीने मांडतात, त्यांची पूजा करतात आणि नंतर नर्मदेत विसर्जन करतात. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेले हे लिंगार्चन पाहायचे असल्यास महेश्वरलाच मुक्काम करावा. इंदूरहून एका दिवसात जाऊन येणाऱ्यांना ते सहसा पाहायला मिळत नाही.

पट्टदकलविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण मराठी पर्यटक हंपीला जेवढ्या उत्साहाने जातात तेवढ्या उत्साहाने इकडे येत नाहीत. बदामीचा चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याने कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवला. त्या विजयाप्रीत्यर्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने इसवी सन ७४० च्या सुमारास हे मंदिर बांधवले, आणि तिच्यावरूनच ते तेव्हा लोकेश्वर म्हणून ओळखले जात असे. तिची धाकटी बहीण त्रैलोक्यमहादेवी हीसुद्धा त्याच राजाची राणी. शेजारचे मल्लिकार्जुन मंदिर तिने बांधवले. दोन बहिणींची दोन मंदिरे तेराशे वर्षे एकमेकींच्या शेजारी उभी आहेत, आणि १९८७ पासून हा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

विरूपाक्ष मंदिरासमोरच्या मंडपात लाल वस्त्र पांघरलेला काळ्या दगडाचा प्रचंड नंदी आहे, कारण या मंदिरात आजही पूजाअर्चा चालते. आतील सभामंडपाचे खांब आडव्या पट्ट्यांनी विभागलेले असून त्यांवर रामायण-महाभारतातील प्रसंग कोरलेले आहेत. सीतेला घेऊन निघालेला रावण आणि त्याला अडवणारा जटायू शोधताना आमच्यापैकी प्रत्येकीने खांबाभोवती प्रदक्षिणा घातली. बाहेरच्या प्रकाशातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटे काहीच दिसत नाही, आणि डोळे सरावल्यानंतर दगडी जाळ्यांतून येणाऱ्या उजेडात एकेक आकृती दिसू लागते. म्हणून तेथे पंधरा मिनिटांत फेरी मारून बाहेर पडणाऱ्यांना मंदिर पाहिले असे म्हणता येणार नाही.

येथील शिलालेखांत मंदिर घडवणाऱ्या स्थपतीचा गौरव आहे. गायकांना पूर्वीच्या राजाने, म्हणजे विजयादित्याने, जे हक्क दिले होते ते लोकमहादेवीने पुढे चालू ठेवले, अशीही नोंद एका लेखात आहे. आमच्या गटात एक गाणे शिकवणारी मैत्रीण आहे. ही नोंद वाचून दाखवल्यावर तिने मंडपात बसून हलक्या आवाजात एक भजन म्हटले, आणि तेथील रखवालदारही ते ऐकत उभा राहिला.

माझे म्हणणे एवढेच आहे की, चार दिवसांत आठ ठिकाणे करण्यापेक्षा एकाच ठिकाणी दोन-तीन रात्री राहावे, जाण्यापूर्वी प्रत्येकीने थोडे वाचावे आणि त्या स्थळी उभे राहून एकमेकींना सांगावे. आपण सर्वांनी आपापल्या गटांचे अनुभव आणि अशी आणखी ठिकाणे येथे लिहावीत.

पाऊलवाट

ताई, धागा फार आवडला. लिंबच्या विहिरीच्या पाटीवरून आम्ही महामार्गाने कितीतरी वेळा पुढे गेलो आहोत, आता मुद्दाम आत वळू. माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. आमच्या गटात दोघींच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि एकीला दम लागतो. त्यांना हॉटेलवर बसवून आपण फिरणे आम्हाला पटत नाही, आणि त्यांच्यासाठी सहलच रद्द करणे त्यांना पटत नाही. बदामी-पट्टदकल अशा मैत्रिणींना झेपेल काय? पुण्याहून जाण्याची सोय कशी आहे, तेही कृपया लिहावे.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

पट्टदकल निश्चित झेपेल. मलप्रभा नदीच्या काठी सपाट हिरवळीवर सारी मंदिरे जवळजवळ आहेत, त्यामुळे मंदिरांच्या पायऱ्या वगळल्या तर चढ असा नाहीच. ऐहोळेचे दुर्ग मंदिर आणि त्याच्या आसपासची मंदिरेही सपाटीवर आहेत. मात्र ज्या मेगुती मंदिरात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची प्रशस्ती सांगणारा कवी रविकीर्तीचा इसवी सन ६३४ चा शिलालेख आहे, ते टेकडीवर आहे.

खरा प्रश्न बदामीच्या लेण्यांचा येतो, कारण चारही लेणी डोंगराच्या कड्यात एकापेक्षा एक उंचावर आहेत आणि पायऱ्याही सारख्या उंचीच्या नाहीत. आम्ही तेथे दोन गट केले. ज्यांना चढणे शक्य होते त्या तिसऱ्या लेण्यापर्यंत गेल्या, जेथे चालुक्य राजा मंगलेशाचा इसवी सन ५७८ चा लेख आणि शेषावर बसलेल्या विष्णूची भव्य मूर्ती आहे. बाकीच्या मैत्रिणी अगस्त्य तीर्थ या तलावाच्या पूर्वेकडील काठाने भूतनाथ मंदिराकडे गेल्या. ते मंदिर अगदी पाण्याला लागून आहे, आणि तलावापलीकडे तांबड्या कड्यावर उतरणारे ऊन त्यांनी तासभर बसून पाहिले. संध्याकाळी दोन्ही गटांनी आपापले वर्णन सांगितले, तेव्हा कुणालाही आपले काही राहून गेले असे वाटले नाही. चालण्याचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या मैत्रिणीने ठरवायचा, हा आमच्या गटाचा पहिला नियम आहे, आणि तो प्रवासाआधीच सर्वांसमक्ष बोललेला असल्यामुळे त्या मैत्रिणीला संकोच वाटत नाही.

पुण्याहून रस्त्याने सोलापूर, विजयपूर, बागलकोट या मार्गाने जाता येते. पूर्ण दिवस प्रवासात जातो, म्हणून जाताना विजयपूरला एक रात्र राहून गोल घुमट पाहणे सोयीचे पडते. सोलापूरहून बदामीला जाणाऱ्या रेल्वेगाड्याही आहेत. स्वतंत्र गाडी करणार असाल, तर कर्नाटकाच्या परमिटचे पैसे भाड्यात धरले आहेत की नाही, हे गाडीवाल्याला आधीच विचारावे. बदामीत कर्नाटक पर्यटन खात्याचे हॉटेल आहे, तसेच खासगी हॉटेलेही आहेत, आणि पट्टदकल तेथून बावीस किलोमीटरच्या आसपास आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ घ्यावा, कारण पुढे तो दगड असा तापतो की मंदिरात अनवाणी चालवत नाही.

जेवणाविषयीही सांगते. बदामीजवळच्या बनशंकरी मंदिराच्या आवारात गावातील बायका टोपल्यांतून घरचे जेवण घेऊन येतात. ज्वारीची पातळ कडक भाकरी, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, भरले वांगे आणि मडक्यात विरजलेले दही त्या पुढ्यात वाढतात. बनशंकरी ही महाराष्ट्रातील अनेक घरांची कुलदेवता असल्याने आमच्यातील एकीची तेथे ओटीही भरून झाली.

बकुळफुले

आपल्या उत्साहाचा मला आदर आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडते. आमच्या मैत्रिणींना वर्षभर घरात कुणी ना कुणी काही ना काही करायला सांगत असते. सहलीलाही वाचन करा, टिपणे काढा, शिलालेखांची माहिती सांगा असे ठरवले, तर तो आणखी एक अभ्यास होतो. आम्ही दिवेआगरला जातो, एका घरगुती मुक्कामात राहतो, सकाळी किनाऱ्यावर चालतो, दुपारी मोदकांचे जेवण जेवतो आणि उरलेला वेळ फक्त बोलतो. एकमेकींच्या सहवासासाठीच जर सहल असेल, तर ठिकाण कोणते आहे याला फारसे महत्त्व देऊ नये, असे मला वाटते. ज्या मैत्रिणीला इतिहासात रस नाही, तिने अशा सहलीत काय करावे?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

आपला मुद्दा विचार करण्यासारखा आहे. ज्यांना विश्रांतीची गरज आहे त्यांनी समुद्रकिनारीच जावे, याविषयी माझे दुमत नाही. वाचनाची सक्ती आमच्याकडेही नसते. ज्या दोघी-तिघींना आवड आहे त्या वाचतात, इतर ऐकतात, आणि एक मैत्रीण तर कधीच ऐकत नाही, ती मंदिराच्या आवारातील झाडे पाहत फिरते आणि नंतर आम्हाला त्यांची नावे सांगते.

परंतु ठिकाणाला महत्त्व नाही, हे मात्र मला मान्य होत नाही, आणि त्याचे कारण नाणेघाटात मिळाले. जुन्नरहून घाटमाथ्यावर गेल्यावर प्राचीन व्यापारी वाटेच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, आणि थोडे खाली उतरल्यावर जी गुहा लागते तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत हा मोठा लेख आहे. अक्षरे झिजलेली आहेत, मधले काही भाग तर निघूनच गेले आहेत. सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी नागणिका हिचा हा लेख मानला जातो. त्यात धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव यांना वंदन करून केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि नाण्यांची नोंद आकड्यांसह आहे. भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत हे आकडे मोडतात. पतीच्या निधनानंतर मुले लहान असताना तिनेच राज्याचा कारभार पाहिला, असे अनेक अभ्यासक मानतात.

आमच्या एका मैत्रिणीचे यजमान त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. बँकेची कागदपत्रे, गावाकडच्या जमिनीचा सातबारा, वारसनोंद, यजमानांनी कुणाला दिलेले पैसे, हे सारे ती एकटी निस्तरत होती, आणि आम्ही विचारले तर ‘चालले आहे’ एवढेच उत्तर देत असे. त्या गुहेत दानांची यादी ऐकताना ती म्हणाली की, या बाईने सगळा हिशेब दगडावर लिहून ठेवला हे फार शहाणपणाचे केले, नाहीतर पुढे कुणी तरी म्हणाले असते की तिने काहीच केले नाही. त्यानंतर ती बोलू लागली आणि संध्याकाळपर्यंत बोलत होती. दिरांनी कोणते कागद मागितले, मुलाने कशावर सही करायला लावली, ही सर्व हकिकत आम्हाला प्रथमच कळली. पुण्याला परतल्यावर आमच्यातील एक वकील मैत्रीण तिच्याबरोबर तलाठी कार्यालयात गेली आणि फेरफाराचे काम मार्गी लागले. हे बोलणे दिवेआगरलाही झाले असते, असे आपण म्हणाल, आणि ते शक्यही आहे. परंतु स्वतःविषयी थेट बोलणे जिला जड जाते, तिला दुसऱ्या एखाद्या स्त्रीच्या निमित्ताने बोलणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. अहिल्याबाईंच्या वाड्यातही असेच झाले होते. कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, पुढे सासरे गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला, आणि त्यानंतर १७९५ पर्यंत या बाईने राज्य चालवले, हे ऐकल्यावर आमच्या गटातील मुलगा गमावलेली मैत्रीण बराच वेळ घाटावर बसून राहिली, आणि मग तिने आपण होऊन त्याच्या आठवणी सांगितल्या.

बकुळफुले

हे वाचून मला माझ्याच एका मैत्रिणीची आठवण झाली. या वर्षी आम्ही जुन्नरला जाऊ. लेख वाचण्याची जबाबदारी मी घेईन, बाकीच्यांना काही सांगणार नाही.

मावळतीर

ठिकाणांच्या यादीत माझी भर. वेरूळला आपण लेण्यांसाठी जातो, पण शेजारचे घृष्णेश्वर मंदिर आज ज्या रूपात उभे आहे ते अहिल्याबाईंच्या जीर्णोद्धारामुळे, हे आपल्या सूत्रात नेमके बसते. शिवाय पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर पाहून मग वेरूळचे कैलास लेणे पाहिले, तर दोहोंच्या मांडणीतील साम्य लगेच ओळखू येते, त्यामुळे लागोपाठच्या दोन वर्षांत ही दोन ठिकाणे ठेवावीत. कैलासाविषयीही एक जुनी कथा आहे. राजाच्या आजारपणात राणीने नवस बोलला की, मंदिराचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने वरून खाली कोरत यायचे ठरवले, आणि राणीला लवकरच कळस दिसला. कथेला इतिहास म्हणता येणार नाही, परंतु हे लेणे खरोखरच वरून खाली कोरलेले आहे, हे तेथे उभे राहिले की स्पष्ट दिसते.

गुजरातेतील पाटणची राणी की वाव, म्हणजे राणीची पायऱ्यांची विहीर, हीही अवश्य पाहावी. सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या स्मरणार्थ राणी उदयमती हिने अकराव्या शतकात ती बांधवली. पुढे ती सरस्वती नदीच्या गाळाने भरून गेली होती आणि विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून ती मोकळी केली. २०१४ पासून ती जागतिक वारसा आहे, आणि आपल्या शंभर रुपयांच्या जांभळट नोटेवर तिचेच चित्र आहे. वाटेतच मोढेराचे सूर्यमंदिर लागते, जे भीमदेवाच्याच काळातील आहे. सकाळी नवऱ्याच्या काळातील मंदिर आणि दुपारी बायकोने त्याच्यासाठी बांधवलेली वाव, असा एकच दिवस ठरवता येतो.

सुरंगी

खर्चाविषयी विचारावेसे वाटते. आमच्या गटात काही जणी निवृत्तिवेतनावर आहेत, काहींना मुलांकडे पैसे मागावे लागतात आणि काहींची परिस्थिती उत्तम आहे. सहलीचा बेत निघाला की दोघी-तिघी काही तरी कारण सांगून नाही म्हणतात, आणि खरे कारण पैसे हेच असते, हे सर्वांना कळते. यातून आपण मार्ग कसा काढला?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

आम्ही सहल संपल्यावर लगेच पुढच्या महिन्यापासून वर्गणी सुरू करतो. रक्कम सर्वांना जमेल एवढीच, सर्वांना सारखी, आणि ती दरमहा एका मैत्रिणीकडे जमा होते. खजिनदार दरवर्षी बदलते. याशिवाय ज्यांना शक्य आहे त्या आपल्या इच्छेने जादा रक्कम देतात. ती कुणी किती दिली हे फक्त खजिनदाराला ठाऊक असते आणि ती कुणासाठी वापरली हेही तिच्याखेरीज कुणाला कळत नाही. सहलीचा बेत जमलेल्या रकमेवरून ठरतो, आधी बेत ठरवून पैसे मागितले जात नाहीत. म्हणूनच एका वर्षी आम्ही कार्ले आणि भाजे एवढेच केले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील दानलेखांत व्यापाऱ्यांच्या आणि यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, नावांबरोबर भिक्षुणींचीही नावे आहेत, त्यामुळे सूत्रही सुटले नाही. खरेदी मात्र प्रत्येकीच्या स्वतःच्या पैशांची असते, आणि महेश्वरी साड्यांच्या दुकानात कुणी कुणाला आग्रह करायचा नाही, असे आम्ही बजावून ठेवले आहे.

मावळतीर, आपल्या सूचनेबद्दल मनापासून आभार. काल आमची बैठक झाली आणि येत्या जानेवारीसाठी पाटण निश्चित झाले. पुण्याहून रेल्वेने अहमदाबाद, तेथून गाडीने मोढेरा आणि पाटण, आणि पाटणला दोन रात्रींचा मुक्काम असा बेत आहे. वाव खोल असल्यामुळे पायऱ्या कुठपर्यंत उतरू देतात आणि ज्या मैत्रिणी उतरू शकणार नाहीत त्यांना वरून कोणत्या बाजूने शिल्पे नीट दिसतात, हे आपण किंवा नुकते जाऊन आलेल्या कुणी सांगितल्यास आम्हाला दिवसाची आखणी करता येईल.